मामांचा अँप आणि नवी पेटी

प्रश्न : काका, नमस्कार. माझे मामा बोटीवर स्टुअर्ड होते. सुट्टीत घरी आले की मडगाव-वास्कोकडे लग्नांत आणि नाताळच्या नाचांना गिटार वाजवायचे. १९७०च्या आसपास त्यांनी न्यू यॉर्कहून एक वापरलेला फेंडर कंपनीचा अँप, म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, आणला. पुढच्या पट्टीवर ‘डिलक्स रिव्हर्ब’ लिहिलंय. मामा तीन वर्षांपूर्वी गेले. अँप आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर होता. यंदा पाऊस संपल्यावर खाली काढला, तर तळाची फळी हातातच आली. वाळवी लागलीय. तळ आणि एक बाजू भुसा झालीय, स्पीकरची फळी फुगून पुढे आलीय. वरची फळी, बटणं आणि आतला लोखंडी सांगाडा मात्र शाबूत दिसतो. मागून डोकावलं तर आतल्या कागदावर ‘ओ एच’ असा शिक्का आहे. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-५-२८ आणि स्पीकरवर ४६५-५२४ हे आकडे आहेत.

आमचे मेस्त्री म्हणतात, सागवानात करून देतो, पन्नास वर्षं बघायला नको. भाऊ म्हणतो, एमडीएफ घ्या, स्वस्त पडेल. जुनी पेटी परसात नेऊन जाळावी असं घरच्यांचं म्हणणं. माझा मुलगा सतरा वर्षांचा, गिटार शिकतोय. पिन बदलून एकदा लावून बघू, म्हणून मागे लागलाय. काय करू?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, पत्र पूर्ण वाचायच्या आधी दोन गोष्टी करा. मुलाला सांगा, प्लगला हात लावायचा नाही. आणि घरच्यांना सांगा, काडीपेटी ठेवून द्या.

आधी प्लगचं. हा अँप अमेरिकेतल्या ११७ व्होल्टसाठी बनवलेला आहे. आपल्या घरात २३० येतात. पिन बदलून थेट लावला तर साठ वर्षं टिकलेला ट्रान्सफॉर्मर काही क्षणांत जळेल, आणि या अँपमध्ये पैशाने सहज परत न मिळणारं जे काही आहे त्यात तो पहिला. मामांकडे नक्की एक वेगळा स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर असणार, विटेएवढा जड डबा. माळ्यावर शोधा. सापडला तरी लगेच वापरू नका; का ते पुढे सांगतो.

आता तुम्ही पाठवलेले आकडे. ते वाचून मी खुर्चीतून उठलो. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात व्हॉल्व्हची (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांची) यादी असलेला कागद पेटीच्या आत चिकटवत आणि त्यावर दोन अक्षरांचा शिक्का मारत. पहिलं अक्षर सालाचं, दुसरं महिन्याचं. १९५१ म्हणजे ए, तिथून मोजत आलात की ओ म्हणजे १९६५. एच म्हणजे आठवा महिना. तुमचा अँप ऑगस्ट १९६५चा, कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा. ट्रान्सफॉर्मरवरचा ६०६ हा शूमाकर कंपनीचा आकडा, पुढचा ५ सालाचा आणि २८ आठवड्याचा, म्हणजे जुलै. ४६५ म्हणजे ऑक्सफर्डचा स्पीकर, १९६५चा चोविसावा आठवडा, जून. जूनमध्ये स्पीकर, जुलैत ट्रान्सफॉर्मर, ऑगस्टमध्ये जोडणी. तिन्ही एकमेकांना धरून आहेत. मामांनी अँप वापरलेला घेतला, पुढे कितीतरी वर्षं वाजवला, तरी हे दोन मोठे भाग मूळचेच राहिलेत. असं फार कमी वेळा बघायला मिळतं.

म्हणून पेटी जाळायची नाही. तो शिक्क्याचा कागद त्या पेटीला चिकटलेला आहे. नखाने सोलायला जाल तर हातात चिंध्या येतील. लाकडासकटच कापून घ्यायचा: कागदाभोवती दोन बोटं जागा सोडून मेस्त्रींना बारीक करवत चालवू द्या, मग तो तुकडा पालथा धरून मागून हलका रंधा मारत पाव इंचापर्यंत पातळ करा. नव्या पेटीच्या आत त्याच जागी तेवढाच खोलगा करून तो बसवायचा. ही बाजू वाळवीने पोखरली असेल तर कापायच्या आधी पातळ केलेला सरस ब्रशने पाजा, एक दिवस वाळू द्या, नाहीतर रंध्याखाली भुगा होईल.

वाळवी घरात पसरेल ही भीती रास्त आहे, पण बहुतेक वाळवीला जमिनीची ओल लागते. आतला सांगाडा काढून घेतल्यावर पेटी अंगणातल्या फरशीवर, मातीपासून दूर, आठवडाभर कडक उन्हात ठेवा. कोरडी पडली की अशी वाळवी सहसा जगत नाही.

सांगाडा काढायची रीत अशी. मागच्या फळ्या सोडवा. व्हॉल्व्ह काढायच्या आधी फोटो घ्या आणि प्रत्येकावर जागेचा आकडा लिहा. स्पीकरची पिन आणि तळातल्या रिव्हर्बच्या (आवाजाला घुमारा देणाऱ्या) डब्याकडे जाणाऱ्या दोन वायरी ओढून काढा. वरच्या फळीवर चार स्क्रू दिसतील. अख्खा सांगाडा त्यांना लटकलेला असतो. दोघांनी करायचं काम आहे हे: एकाने खालून पेलायचा, दुसऱ्याने स्क्रू काढायचे. ट्रान्सफॉर्मर जड असतात, सांगाडा एका अंगाला झोकांडी खातो. बाहेर काढल्यावर उघड्या बाजूत कोणीही बोट घालू नये. आत चारशेच्या वर व्होल्ट खेळतात आणि कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बंद अँपमध्येही ते धरून बसू शकतात.

आता पेटी. मी पुण्यात तपकीर गल्लीजवळ १९८४पासून व्हॉल्व्हचे रेडिओ आणि अँप दुरुस्त करतोय. पेटीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: ही फर्निचर नाही, वाद्याचा भाग आहे. तुमच्या मेस्त्रींच्या सागवानावर माझा राग नाही, पण इथे ते नको. १९६५ची पेटी पाइनची असते, पाऊण इंची फळ्यांची, कोपऱ्यांत दोन्ही हातांची बोटं गुंफल्यासारखा सांधा. (वाळवीने ताव मारला तो म्हणूनच, सागवान असतं तर तिने शेजारचा पाट खाल्ला असता.) पाइन हलकं असतं, स्पीकर वाजला की सगळी पेटी थोडी थोडी बोलते. मामांच्या हाताला, पोटाला, गिटारच्या पाठीला जो आवाज जाणवायचा त्यात त्या फळ्यांची थरथर होती. सागवान जड आणि घट्ट. शिवाय त्यात तेल असतं, त्यावर रेक्झिन चिकटवायचं तर वर्षभरात कडा सुटायला लागतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी माहीमच्या एका म्हाताऱ्या वादकाच्या आग्रहावरून मी अशाच अँपला सागवानी पेटी करवून घेतली होती. पॉलिश असं की तोंड दिसावं. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचा अँप एकोणीसेक किलोचा, तो ते एका हाताने न्यायचे. नवा न्यायला दोन माणसं लागायची. महिन्याभराने त्यांचा फोन आला. म्हणाले, आवाज चांगला आहे, पण माझा नाही. मी ती पेटी परत घेतली आणि पाइनची करून दिली. तेव्हापासून कोणी कितीही म्हटलं तरी सागवान करत नाही.

एमडीएफबद्दल भावाला एवढंच सांगा की वेंगुर्ल्याचा एक पावसाळा पुरे. फुगतं, आणि त्यात स्क्रू धरत नाही. चार स्क्रूंवर लटकणारा सांगाडा एमडीएफच्या भरवशावर सोडू नका.

पाइन मिळतं. परदेशी यंत्रांच्या खोक्यांचं पॅकिंग पाइन टिंबर मार्केटमध्ये ढिगाने येतं, आम्ही भवानी पेठेतून आणतो. तुम्हाला कुडाळ-सावंतवाडीकडे किंवा गोव्यात वखारीत मिळेल. गाठी कमी, चिरा नाहीत अशा फळ्या निवडा. आणल्या आणल्या कापायच्या नाहीत. घरात काठ्यांवर अंतर ठेवून तीन आठवडे पडू द्या. एवढ्या रुंद एकसंध फळ्या मिळणार नाहीत, दोन-तीन जोडून घ्याव्या लागतील, ते चालतं. कापून झाल्यावर, रेक्झिन लावायच्या आधी, बोरिक आणि बोरॅक्सच्या पाण्याचे दोन हात सगळीकडून मारा. कोपऱ्याच्या सांध्यांत आणि तळाच्या खालच्या अंगाला जास्त. नीट सुकू द्या.

माप कशावरून घ्यायचं? डिलक्स रिव्हर्बची पेटी साधारण साडेचोवीस इंच रुंद, साडेसतरा उंच आणि साडेनऊ खोल असते. पण कागदावरचं माप मेस्त्रींना देऊ नका. तुमची जुनी पेटी फुगलेली, तिचंही माप चुकेल. सांगाडा समोर ठेवून त्याचं माप घ्या आणि त्याभोवती पेटी उभी करा. बाजूच्या फळीचा वरचा पुढचा भाग किंचित मागे झुकलेला असतो, बटणांची पट्टी त्या उतारावर बसते. हा उतार डोळ्याने काढायचा नाही. जी बाजू शाबूत आहे तिच्यावर पुठ्ठा धरून पेन्सिलीने उतरवून घ्या, आणि दोन्ही बाजू एकाच पुठ्ठ्यावरून कापा.

आता एक बारीक गोष्ट, जी मेस्त्रींना माहीत असायचं कारण नाही आणि पुष्कळ दुरुस्तीवालेही विसरतात. या अँपमध्ये सांगाड्याची उघडी बाजू वर असते आणि पेटीची वरची फळीच त्याचं झाकण होते. म्हणून त्या फळीला आतून चांदीसारखा पत्रा लावलेला असतो. तुमच्या जुन्या पेटीत वर हात फिरवा, लागेल. तो पत्रा सांगाड्याच्या कडांना टेकतो आणि बाहेरचा गोंगाट अडवतो. मी पहिल्यांदा अशी पेटी करवून घेतली तेव्हा तो लावायचा राहून गेला. अँप सुरू केला, आवाज वाढवला, तर गुणगुण आणि तिच्या मागून आकाशवाणीच्या बातम्या. दोन दिवस मी व्हॉल्व्ह आणि वायरी तपासत बसलो होतो. स्वयंपाकघरातली फॉइल वापरू नका, ती फाटते आणि तुकडा चारशे व्होल्टवर पडला तर काम तमाम. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, कडा घासून गुळगुळीत करा, चारी बाजूंनी सांगाड्याच्या कडेला टेकेल असा ठोका.

मागची बाजू पूर्ण बंद करू नका. मूळच्या दोन फळ्या आणि त्यांच्यामधली मोकळी जागा जशीच्या तशी ठेवा. व्हॉल्व्हची उष्णता तिथून निघते आणि आवाजाचा मोकळेपणाही. स्पीकरची फळी मूळची भुसा दाबून केलेली, ती फुगलीच असणार. तिथे चांगला बारा मिलीमीटरचा प्लाय घ्या. समोरचं चंदेरी धाग्याचं कापड फाटलं नसेल तर काढून ठेवा. कोमट पाण्यात थोडा साबण घालून, दाबत दाबत, न चोळता धुवा. परत लावताना धाग्यांची रेघ सरळ ठेवणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात नाजूक काम आहे. घाई करू नका. वरचं काळं टोलेक्स (रेक्झिनसारखं आवरण) परदेशातून मागवता येतं, पण सीट कव्हरवाल्यांकडे बारीक सुरकुत्यांचं काळं रेक्झिन मिळतं, त्याने काम उत्तम होतं.

हँडल, कोपऱ्याचे पत्रे, पाय, स्क्रू हे सगळं जुनंच लावा. पुसा, पण चकचकीत करू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हँडलच्या बाजूला सिगारेटचे डाग दिसतायत, पाच की सहा, एका ओळीत. गाणं संपेपर्यंत मामा सिगारेट तिथे टेकवून ठेवत असणार. ती वरची फळी वाळवीने खाल्लेली नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग ती का टाकायची? नव्या तीन फळ्यांना ही जुनी वरची फळी जोडता येते का, हे मेस्त्रींना नक्की विचारा. सांधा जुळवायला दुप्पट वेळ जाईल. नवं रेक्झिन आणि जुनं टोलेक्स यांच्यामधली रेघ दिसेल. दिसू दे.

आता आतलं काम. ते मुलाने करायचं नाही. व्हॉल्व्हची सवय असलेला माणूस शोधा, गोव्यात आणि कोल्हापुरात अजून आहेत, आणि त्याच्यापुढे पुढची यादी ठेवा. सांगाड्याच्या पाठीवर पत्र्याची एक टोपी आहे, तिच्याखाली पाच फिल्टर कपॅसिटर आहेत. ते साठ वर्षांचे. ते आणि बायसचा (मोठ्या व्हॉल्व्हमधला करंट ठरवणाऱ्या जोडणीचा) छोटा कपॅसिटर बदलायचे. मागे ‘ग्राउंड’ असा एक स्विच आहे, त्याला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून टाकायचा. तो बिघडला तर मेन्सची वीज गिटारच्या तारांपर्यंत येते. दोन पिनांची वायर जाऊन तीन पिनांची यायला हवी आणि हिरवी वायर सांगाड्याला घट्ट बांधलेली हवी. बाकी निळे गोल कपॅसिटर, जुने रेझिस्टर, यातलं जे चालतंय त्याला हात लावू नये. ‘सगळंच नवं करून देतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. एका दुकानाने अशाच एका अँपचं सगळं आतडं बदललं आणि जुने भाग भंगारात टाकले. माझ्याकडे तो आला तेव्हा त्यात परत लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागा.

कोकणातल्या अँपचं एक खास दुखणं असतं. आत ज्या काळ्या पुठ्ठ्यावर सगळे भाग जोडलेले आहेत, तो ओल धरतो आणि थोडी वीज वाहू देतो. मग करकर, फडफड, आवाज आपोआप कमी-जास्त. लोक उगाच भाग बदलत बसतात. आधी सांगाडा एका खोक्यात ठेवा, आत चाळीसचा एक दिवा लावा आणि चार-पाच दिवस मंद शेकू द्या.

पहिल्यांदा सुरू करताना सिरीज दिव्यावर करायचं. शंभर वॉटचा जुना तारेचा दिवा स्टेप-डाउनच्या आधी सिरीजमध्ये. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. माळ्यावर सापडलेला स्टेप-डाउन बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असेल, म्हणजे तो मेन्सपासून अलग करत नाही, आणि त्याला अर्थची पिनही नसेल. अलग करणारा, अर्थ पुढे नेणारा, किमान ३०० व्हीएचा नवा बनवून घ्या, आणि ११० व्होल्टचा घ्या, १२०चा नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. तो ट्रान्सफॉर्मर इथे आधीच थोडा जास्त तापतो.

स्पीकरचा कागद कडेला फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा पातळ सरसाने चिकटवून बघा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आणि सांगाडा उघडाल तेव्हा एक बघा. त्या काळच्या फेंडरमध्ये आत कधी कधी चिकटपट्टीचा तुकडा सापडतो, त्यावर पेनाने एक नाव लिहिलेलं असतं, वायरिंग करणाऱ्या बाईचं. सापडलं तर मला कळवा.

प्रश्न : काका, माझ्या व्हॉल्व्ह अँपमध्ये मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेवर निळा उजेड दिसतो. बिघडला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काचेच्या आतल्या अंगाला चिकटून निळसर झाक असेल आणि वाजवताना ती नाचत असेल, तर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. मधल्या पट्ट्यांच्या आत जांभळं-गुलाबी धुकं दिसलं तर आत हवा शिरलीय, लगेच बंद करून बदला. मधली करडी धातूची पट्टी लाल तापलेली दिसली तर त्याहून आधी बंद करा, बायस तपासून घेतल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह लावू नका.

प्रश्न : जुन्या डिलक्स रिव्हर्बला नवे ६व्ही६ व्हॉल्व्ह घ्यायचेत. सगळे सारखेच ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाहीत. ६व्ही६च्या कागदावर साडेतीनशे व्होल्टची मर्यादा असते, आणि हा अँप त्याला चारशेच्या वर देतो. जुने अमेरिकन व्हॉल्व्ह ते सोसायचे, आजचे सगळे सोसत नाहीत. विकणाऱ्याला अँपचं नाव सांगून, डिलक्स रिव्हर्बमध्ये चालवलेली जुळलेली जोडी मागा. बसवल्यावर आतल्या बायसच्या स्क्रूने करंट लावून घ्या, आणि पहिला अर्धा तास समोर बसून बघा.